पांढऱ्या उंदरांना गूळ-पाणी

माझं लग्न ठरत होतं तेव्हा बैठकीत सासरच्या एका काकांनी विचारलं, "पोरगी करती काय?"

माझ्या वडिलांनी घसा साफ केला. "संशोधन करते. मेंदूवर. म्हणजे... उंदरांच्या."

दोघा-तिघांनी चहाचे कप खाली ठेवले. मग काका म्हणाले, "उंदरास्नी मेंदू असतोय व्हय? आमच्या घरात तर माणसांचंबी खात्रीनं सांगता येत न्हाई."

याच घरात लग्न करावं असं मला तेव्हाच वाटलं. काकांचं म्हणणं किती खरं होतं ते पुढे कळलं, पण तो विषय वेगळा.

तेव्हापासून आजपर्यंत मी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत उंदीरवाल्या बाई म्हणून ओळखली जाते. नात्यात ज्याचा म्हणून ऊस आहे, त्याने मला एकदा तरी बांधावर नेऊन बिळं दाखवली आहेत. "वहिनी, तुमच्या त्या पांढऱ्यांचं ऱ्हाऊ द्या, आमच्या ह्या काळ्यांचं कायतरी बघा." मी सांगते, की उंदीर मारण्याचं औषध माझ्याकडे नाही. मी धडधाकट उंदराला आधी उदास करते आणि मग तो औषधाने परत खूश होतो का ते बघते. यावर समोरचा माणूस माझ्याकडे जरा वेळ बघतो आणि यंदाच्या साखरेच्या उताऱ्याबद्दल बोलायला लागतो. गणपतीत न चुकता कोणीतरी विचारतं, "बाप्पाच्या वाहनावर सुऱ्या चालवता, बाप्पा रागवत नाही?" विचारणाऱ्याला वाटतं हे आपल्यालाच पहिल्यांदा सुचलं. मी हसते. तेही नोकरीतच धरलेलं आहे.

धंदा समजावून सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी रसायनांतून बोलतात. डोपामिन आणि सेरोटोनिन ही त्यांतली दोन नावं आता व्हॉट्सॲपमुळे माझ्या सासूबाईंनाही माहीत आहेत. त्यांना सकाळी लागणारी चहाची तल्लफ डोपामिनची असते, असं त्याच मला सांगतात. ही रसायनं कमीजास्त झाली की वागणं बदलतं. माणसाच्या मेंदूत चिमटा घालून हे बघता येत नाही, म्हणून उंदीर. पण उंदराला "कसं वाटतंय?" असं विचारून उपयोग नाही. त्याला वागायला लावावं लागतं. त्यासाठी उंचावर ठेवलेली, अधिकच्या चिन्हासारखी एक लाकडी पट्टी असते. तिच्या दोन बाजूंना भिंती, दोन उघड्या. घाबरलेला उंदीर भिंतीच्या बाजूला चिकटून बसतो. धीट उंदीर उघड्यावर फिरून येतो. आमच्या नात्यातल्या नव्या सुनांचं निरीक्षण करायलाही ही पट्टी चालली असती.

दुसरी चाचणी गोड पाण्याची. पिंजऱ्याला दोन बाटल्या लावायच्या, एकीत साधं पाणी, दुसरीत साखरेचं. ठणठणीत उंदीर साखरेकडे जातो. ताणाने खचलेल्या उंदराला दोन्ही सारखंच. गोडाची गोडी जाणं हे उदासीचं लक्षण. सांगली जिल्ह्यात साखरेवरून कोणाचं मन उडालं तर त्याला डॉक्टरकडे न्यावं हे सांगायला खरं तर विज्ञानाची गरज नव्हती. पण विज्ञानाला आमची होती, म्हणून सांगलीजवळच्या एका महाविद्यालयात मला नोकरी मिळाली.

आमच्या ॲनिमल हाउसवर, म्हणजे उंदीर ठेवायच्या खोल्यांवर, हणमंततात्या होते. पाटणच्या वरच्या अंगाचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पिंजरे धुणं, तूस बदलणं, बाटल्या भरणं हे त्यांचं काम. पहिल्याच आठवड्यात त्यांनी उंदरांच्या कंपन्या पाडल्या. ज्यांना काही करायचं नाही तो गट ए कंपनी, ज्यांना ताण द्यायचा तो बी कंपनी. ताण देण्यासाठी आम्ही उंदराला रोज काही वेळ प्लास्टिकच्या नळीत ठेवतो. इजा होत नाही, फक्त हलता येत नाही. या नळीला तात्या क्वार्टर गार्ड म्हणायचे. फौजेत गुन्हा केलेल्या जवानाला कोंडतात ती जागा. "मॅडम, बी कंपनीचा गुन्हा काय?" त्यांनी एकदा विचारलं.

"काही नाही."

"मंग बरोबर हाय. फौजेतबी लय वेळा असंच आसायचं."

कोयनेच्या भूकंपाचा एक चांगलासा धक्का बसला तेव्हा आम्ही डॉक्टरेटवाले सगळे पटांगणात होतो आणि तात्या आत, रॅकला पाठ लावून, पिंजरे पडू नयेत म्हणून हात पसरून उभे. बाहेर आल्यावर म्हणाले, "आमच्याकडं ह्याला धक्का म्हनत न्हाईत." आमचे विभागप्रमुख तोवर वाहनतळापर्यंत पोचले होते.

विभागप्रमुखांबद्दल थोडं. बढती झाल्यापासून त्यांनी उंदराला हात लावलेला नव्हता, पण फोटोत ते पिंजऱ्याच्या सगळ्यात जवळ असायचे.

आणि पद्मजा. माझी पीएचडीची विद्यार्थिनी. मिरजेच्या पूर्वेच्या एका जैन शेतकरी घरातली. घरी अंधार पडायच्या आत जेवणं होतात, कांदा-लसूण नाही, आजी पाणी गाळून पिते, आणि नात उंदरांचे मेंदू काढते. प्रयोगाच्या शेवटी मेंदू काढल्याशिवाय रसायनं मोजता येत नाहीत आणि मेंदू काढल्यावर उंदीर उरत नाही. आमच्या भाषेत आम्ही उंदीर 'मारत' नाही, 'सॅक्रिफाइस' करतो, जणू त्यानेच पुढे होऊन अर्ज केला आहे. पद्मजा हा शब्द वापरायची नाही. "आज मारायचेत," एवढंच म्हणायची. त्या दिवशी ती एकदाच जेवायची. आजीला, म्हणजे अव्वांना, ती मेंदूचा कोर्स करते एवढंच ठाऊक होतं. आण्णांना, म्हणजे वडिलांना, सगळं माहीत होतं. त्यांनी तिच्याकडून आणि माझ्याकडूनही कबूल करून घेतलं होतं, की ही शेवटची बॅच. यानंतर प्रबंध, डिग्री आणि परत कधी जीव नाही. पुढे शिकवायचं, किंवा कारखान्याच्या लॅबमध्ये साखर तपासायची.

तर ती शेवटची बॅच झाली आणि निकाल उलटा लागला.

नळीत रोज कोंडलेली बी कंपनी मजेत होती. उघड्या पट्टीवर बागेत आल्यासारखी फिरत होती. गोड पाण्याच्या बाटलीवर तर ए कंपनीपेक्षा जास्त तुटून पडत होती. मेंदू काढून बघितले, रसायनंही झकास. ज्यांना काही त्रास दिला नव्हता ते उंदीर त्यांच्यापुढे सरकारी कार्यालयात बसल्यासारखे दिसत होते.

मी सगळं तपासलं. पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्या बदलल्यात का, नळ्या सैल आहेत का, बाटल्या गळतात का. तात्यांना समोर बसवून विचारलं, "तात्या, बी कंपनीला वेगळं काही खायला दिलंत?"

"न्हाई मॅडम."

"नक्की?"

"तुमच्या त्या खाद्याच्या गोळ्या सोडल्या तर खान्याला हात न्हाई लावला. देवाशप्पत."

तात्या खोटं बोलत नाहीत. त्यामुळे मी घोटाळ्यात पडले आणि विभागप्रमुख आनंदात. त्यांच्या मते हा शोध होता. कशाचा, ते ठरायचं होतं. आधी ते म्हणाले हवामान. मग म्हणाले कृष्णेचं पाणी. एका स्थानिक पेपरात 'ताणावर मात करणारे सांगलीचे उंदीर' अशी बातमी आली, फोटोसकट. परिषदेला सारांश गेला. पद्मजाच्या आण्णांनी बातमी कापून ठेवली. अव्वांना मात्र तो पेपर दाखवला नाही.

मग एके दिवशी, ऐन मे महिन्यात, मी बाहेरून तापून आले आणि सरळ ॲनिमल हाउसला गेले. नेहमीप्रमाणे तात्यांनी आधी तांब्या-भांडं पुढे केलं. पत्र्याचा डबा उघडला आणि गुळाचा खडा हातावर ठेवला. आमच्या भागात बाहेरून आलेल्याला गूळ-पाणी दिल्याशिवाय का आलास हे विचारत नाहीत. मी इतकी वर्षं तो खडा तोंडात टाकत आले होते.

त्या दिवशी डब्याचं झाकण वाजलं आणि मागे खुडबुड झाली. वळून बघितलं. बी कंपनीची नवी पिल्लावळ, जिला दुसऱ्या विद्यार्थ्यांच्या सरावासाठी नुकतंच नळीत घालायला सुरुवात केली होती, ती सगळी पिंजऱ्याच्या जाळीला येऊन उभी होती. मागच्या दोन पायांवर, नाकं वर करून. शेजारच्या रॅकवर नवी ए कंपनी झोपलेली.

मी खडा चघळायची थांबले. "तात्या, झाकण परत वाजवा."

त्यांनी वाजवलं. नाकं आणखी वर.

"तात्या, यांना गूळ देता तुम्ही?"

"व्हय."

"मी विचारलं होतं की, खायला काही दिलं का म्हणून!"

"आवं मॅडम," तात्या खरोखरच गोंधळले होते, "गूळ-पानी म्हंजी खायला देनं हाय का? ते जेवान न्हवं. मानूस दमून आला की देत्यात ते. हरबऱ्याएवढा खडा देतो निस्ता. पानी त्येंचं त्येंच्याकडं आसतंयच."

"आणि ए कंपनीला?"

"ती कुटं भायेर गेल्ती? घरातच बसल्याली. घरातल्याला कोन गूळ-पानी देतंय?"

मी डब्याचं झाकण लावलं. विचाराला कुठे खोट नव्हती, फक्त तो माझ्या प्रयोगात नको होता. रोज नळी, नळीनंतर गूळ. उंदराच्या दृष्टीने नळी म्हणजे गूळ येत असल्याची वर्दी. आम्ही ताण मोजतच नव्हतो, पाहुणचार मोजत होतो. बी कंपनीच्या मारलेल्या सगळ्या उंदरांचे मेंदू गुळाने गोड झालेले होते.

विभागप्रमुखांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला, तात्यांना, आणि आता पद्मजाला."

"मग तिघांतच राहू द्या. गुळाचा खडा केवढा असतो हो! आणि त्या हवालदाराला काढून टाका."

"काढू. आदेशात कारण काय लिहू? पाहुण्यांना पाणी विचारलं?"

आदेश निघाला नाही. परिषदेचा सारांश मी मागे घेतला. त्यानंतर साहेब बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हते. माझ्या नोकरीतला तो सर्वांत सुखाचा काळ.

पण पद्मजाचं काय? ती माझ्या टेबलासमोर बसून राहिली. रडत नव्हती, ते एक बरं. मला रडणाऱ्यांशी काय बोलायचं ते कळत नाही.

"मॅडम, आहे तोच निकाल दिला तर?"

"तर डिग्री मिळेल. कोणाला कळणार नाही."

"म्हणजे खोटं."

"हो."

"आणि खरं करायचं तर गूळ न देता परत सगळं. परत नळी. परत तेवढे जीव."

"हो. किंवा सोडून दे. तिसरा रस्ता आहे."

"सोडलं तर आधीचे नुसतेच गेले."

खोटं बोलायचं नाही आणि जीव घ्यायचा नाही, या दोन गोष्टी तिला लहानपणापासून एकाच दमात शिकवलेल्या. आता दोन्हींतली एक मोडल्याशिवाय उठता येत नव्हतं. मी व्यवहारी बाई. मी म्हटलं, "तू बाकी सगळं कर. मारायचं मी करते. मला सवय आहे आणि माझ्या सासरी रविवारी कोंबडी असते."

ती पहिल्यांदाच हसली. "मॅडम, आमच्यात स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवून घेतलेलं आणि करणाऱ्याला बरं म्हटलेलं, तिन्हींचं पाप सारखंच लागतं. तुम्ही करून माझं काय वाचणार? वर तुमचं वाढेल." मग उठताना म्हणाली, "परत करूया. आण्णांना मी सांगते. मारायचे ते मीच मारणार."

आण्णांना तिने काय सांगितलं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन आला. "मॅडम, दुसऱ्यांदा शेवटचं म्हणजे किती शेवटचं?"

"अगदी शेवटचं."

"पहिल्यांदाबी तुमीच म्हणला होता." आणि फोन ठेवला. त्यांच्या जागी मीही ठेवला असता.

नवीन बॅच आली. या वेळी बी कंपनीचे दोन भाग केले, एकाला नळीनंतर गूळ, दुसऱ्याला नुसती नळी. तात्यांना मी बजावलं, या दुसऱ्या भागाला काही द्यायचं नाही. गूळ नाही, बोलणं नाही.

"आन ते भायेर आल्यावर माझ्याकडं बगत बसले तर?"

"बघू देत."

"मंग मला आत घालूच नका मॅडम. हुकूम मोडंल माझ्याकडनं." नळ्या काढायच्या वेळी ते स्वतःहून बाहेर पायरीवर जाऊन बसायचे, दाराकडे पाठ करून. गुळाचा डबा मी दुसऱ्या खोलीत ठेवला होता, गूळवाल्या भागाच्या पिंजऱ्यांजवळ. नुसत्या नळीवाल्या उंदरांना झाकणाचा आवाज कधी ओळखीचाच झाला नाही. पद्मजा त्यांना नळीतून काढायची, पिंजऱ्यात ठेवायची आणि वळायची. हे उंदीर पुढे जाळीला येऊन उभे राहिले नाहीत. मागच्या कोपऱ्यात तुसात तोंड घालून बसायला लागले. गोड पाण्याची बाटली भरलेली राहायला लागली. आम्हाला पाहिजे होतं तसंच सगळं चाललं होतं. असं काम पाहिजे तसं होतं तेव्हा घरी जाऊन जेवण जात नाही. हे पुस्तकात लिहिलेलं नसतं, म्हणून इथे लिहिते.

शेवटच्या दिवशी तिने मदत घेतली नाही. सगळं झाल्यावर हात धुऊन आली आणि म्हणाली, "झालं." तात्या पायरीवरून उठले, टोपी काढली, परत घातली, आणि रिकामे पिंजरे धुवायला घेतले.

निकाल पुस्तकात असतो तसाच आला. ताण दिला की उंदीर खचतो. गूळ दिला की तेवढा खचत नाही. जगाला पहिली गोष्ट माहीत होती आणि आमच्या दोन जिल्ह्यांना दुसरी. 'सांगलीच्या उंदरांचा' शोध संपला. पद्मजाने प्रबंधात गुळावर एक अख्खं प्रकरण लिहिलं. काय झालं, कसं झालं, आधीची बॅच का धरता येत नाही. नाव न घेता तात्यांचा पाहुणचारही त्यात आला. साहेबांनी ते प्रकरण काढायला सांगितलं. ती नम्रपणे हो म्हणाली आणि काढलं नाही.

तोंडी परीक्षेला पुण्याहून बाहेरचे परीक्षक आले. शिरवळपाशी रस्त्याचं काम निघालेलं, गाडी भर उन्हात अडकलेली, आणि गाडीचा एसी बंद. उतरले ते प्रबंध हातात घेऊनच. कॉरिडॉरमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शिपायाने गूळ चारला यावर प्रकरण? हा प्रबंध आहे की घरगुती गप्पा? मला हे मुळीच मान्य नाही!"

पद्मजाने ते ऐकलं. तिचा चेहरा बदलला नाही, फक्त हातातली फाइल तिने छातीशी धरली. साहेब म्हणाले, "अहो, या ना, आत बसा." आणि मागून तात्या आले. ताटात तांब्या-भांडं, वाटीत गूळ. मी डोळे वटारून थांबवायचा प्रयत्न केला. पण तात्या फौजेतले. तोंडी हुकूम पाळतात, डोळ्यांचा नाही.

परीक्षकांनी खडा तोंडात टाकला. पाणी प्यायले. दुसरा खडा घेतला. पंखा फिरत होता. पाच मिनिटांत माणूस खुर्चीत मागे रेलला. "गूळ चांगला आहे हो तुमच्याकडचा. बरं, प्रबंध वाचला. प्रामाणिक काम आहे. मला विशेष काही विचारायचं नाही."

साहेबांचा चेहरा उजळला. माझाही उजळला असावा. पद्मजा उभी होती.

"सर, गाडीतून उतरल्यावर तुम्ही म्हणालात, हे प्रकरण तुम्हाला मान्य नाही."

"अहो, ते रागात..."

"सर, तेच विचारा. गूळ खाल्ल्यानंतरचं निरीक्षण आम्ही धरत नाही."

साहेब छताकडे बघायला लागले. परीक्षकांनी वाटी बाजूला सारली, चष्मा लावला आणि ताठ बसले.

"ठीक आहे. तुम्हाला हा गूळ सापडलाच नसता तर तुम्ही काय सादर केलं असतं?"

"पहिला निकाल, सर."

"आणि?"

"आणि तुम्ही तो मंजूर केला असता. म्हणून ते प्रकरण आहे."

त्यानंतर त्यांनी तिला धारेवर धरलं. रसायनं, मोजमापं, गट कसे पाडले, दुसऱ्या बॅचला कोणी हाताळलं, बाटल्यांच्या जागा बदलल्या की नाही. काही प्रश्नांना ती अडखळली, एकाला "माहीत नाही" म्हणाली. मी घामाघूम झाले, ती नाही. शेवटी त्यांनी चष्मा काढला, सही केली आणि म्हणाले, "डॉक्टर, आता उरलेला गूळ खाऊ का?"

आम्ही सगळे बाहेर आलो. तात्या दाराशी अटेन्शनमध्ये उभे होते. पद्मजाला बघून म्हणाले, "सुटलीस न्हवं क्वार्टर गार्डातनं? थांब." आणि बगलेतला पत्र्याचा डबा काढून त्याचं झाकण उघडलं.

झाकण वाजलं, आणि कॉरिडॉरमधले आम्ही सगळेच, परीक्षक आणि विभागप्रमुख धरून, एक पाऊल पुढे सरकलो.